हार्डटॉप घ्यायच्या आधी पन्हळीत पाणी ओतून बघा

प्रश्न थोडक्यात असा: दोन सीटची जुनी कन्व्हर्टिबल, म्हणजे छप्पर उघडता येणारी गाडी, वर काळ्या कापडाचा टप, मागची खिडकी प्लॅस्टिकची. कापड विटून करडं पडलंय, खिडकी पिवळी आणि धूसर झालीय, पाऊस झाला की सीटच्या मागच्या कार्पेटला ओल येते. आता या टपावर खर्च करायचा, की हार्डटॉप, म्हणजे काढता-घालता येणारं कडक छप्पर, घेऊन विषय मिटवायचा?

मी वीसेक वर्षं गाड्यांचे टप शिवतोय आणि बसवतोय, त्यामुळे नवीन टप विकण्यात माझा फायदाच आहे. तरी सांगतो, तुमच्या तीन तक्रारींपैकी कार्पेटच्या ओलीचा टपाच्या कापडाशी बहुधा काही संबंध नाही. आणि तो नसेल तर हार्डटॉप चढवल्यावरही ती ओल जाईलच असं नाही.

कापडी टपावर पडलेलं पाणी मागे घरंगळतं. टपाची मागची कड जिथे गाडीच्या पत्र्यात शिरते तिथे आतून एक पन्हळ असते. घराच्या वळचणीला असते तशीच, फक्त प्लॅस्टिकची किंवा रबराची आणि नजरेआड. पन्हळीच्या दोन्ही टोकांना भोकं असतात, भोकांतून नळ्या खाली जातात आणि पाणी गाडीच्या पोटाखाली पडतं. टप उघडा ठेवून गाडी झाडाखाली लावली की त्या भोकांत पानं, धूळ, परागकण आणि कापडाचेच सुटलेले धागे जाऊन बसतात. काही वर्षांत त्याचा काळा, चिवट गाळ होतो. मग पन्हळ भरते, पाणी काठावरून आत सांडतं आणि मालक म्हणतो, टप गळतोय.

पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये, म्हणजे १९८९ ते १९९७ च्या गाड्यांत, ही भोकं सीटबेल्टच्या खांबांच्या मागे असतात आणि पाणी मागच्या चाकांच्या जरा पुढे खाली पडतं. नळी तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात साठतं आणि तिथून गंज धरतो. जुनी एमएक्स-५ घेणारा जाणकार आधी मागच्या चाकापुढचा पत्रा अंगठ्याने दाबून बघतो, तो याचमुळे. पोर्शेच्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये तुंबलेलं पाणी सीटखालच्या इमोबिलायझरच्या, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या, कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. मुठीएवढ्या गाळापायी गाडी चालूच होत नाही.

तपासायचं असं. टप अर्धा उचला, म्हणजे मागचं कापड सैल पडेल आणि हात आत जाईल. टॉर्च लावा. एका कोपऱ्यातल्या भोकापाशी पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. धार लगेच पडली तर ती बाजू ठीक. थेंब थेंब पडलं, उशिरा पडलं किंवा पडलंच नाही, तर तुमची ओल कुठून येते ते कळलं. मग दुसऱ्या कोपऱ्यात तेच करा. एक बाजू साफ आणि दुसरी ठार बंद, असं नेहमी आढळतं.

साफ करताना घाई नको. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीची नळी मी जाड तारेने साफ करायला गेलो. तार आत गेली, काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, पाणीही सरसर उतरलं. मी खूश. आठवड्याने मालक परत आला, आता दोन्ही बाजूंनी ओल होती. मी नळी साफ केलीच नव्हती, तिच्या जोडातून ती खाली ढकलून दिली होती आणि पाणी थेट पत्र्याच्या पोकळीत जात होतं. ते दुरुस्त करताना अर्धं इंटिरियर उतरवावं लागलं, अर्थात फुकट. तेव्हापासून मी गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी वापरतो. टोक मेणबत्तीवर जरा वितळवून गोल करायचं, फिरवत फिरवत आत न्यायचं आणि मधूनमधून कोमट पाणी सोडायचं. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तीही जोड उखडते. काही गाड्यांत नळीच्या खालच्या तोंडाशी रबराची जीभ असते. गाळ तिथेच अडकलेला असेल तर ती खालून चिमटीत धरून उघडली तरी काम होतं.

दोन्ही नळ्या मोकळ्या असूनही ओल येत असेल तर विंडशील्डच्या वरच्या कोपऱ्यातलं रबर आणि दाराच्या काचेची बैठक बघायची. कागदाची पट्टी रबरात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे दाब नाही.

आता कापड. चांगला कापडी टप तीन थरांचा असतो. वर ॲक्रिलिकची वीण, मध्ये रबराचा पातळ पापुद्रा, खाली सुती किंवा पॉलिएस्टरचं अस्तर. लोक सरसकट मोहेर म्हणतात, पण आजकालच्या टपांत शेळीची लोकर नसते. खरं पाणी अडवतो तो मधला रबराचा थर. वरच्या विणीचं काम पाणी अडवायचं नाही, घरंगळू द्यायचं. म्हणून पाऊस पडल्यावर कापड काळंभोर भिजलं तरी टप गळतोच असं नाही. पण भिजलेलं कापड उशिरा वाळतं, ओल धरून ठेवतं, शिवणीत शेवाळ धरतं आणि धूळ चिकटवून घेतं. ती धूळ पुढे घडीच्या रेषेत बारीक कानसीसारखी घासत राहते.

विटका रंग दिसायला वाईट, पण तो शेवट नव्हे. कोरड्या टपावर हाताने थोडं पाणी शिंपडा. थेंब गोल राहून घसरले तर विणीवरचा पाणी घरंगळवणारा लेप शाबूत आहे. दोन-तीन मिनिटांत डाग पसरून कापड गडद झालं तर लेप संपलाय. तुमच्या करड्या टपाचा लेप संपलेला असणार, हे न बघताही सांगतो.

धुताना क्रम महत्त्वाचा. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, शक्यतो व्हॅक्यूमने ओढून घ्या. मग साधं पाणी, मग सौम्य शाम्पू किंवा कापडी टपासाठी मिळणारा क्लीनर. ब्रश विणीच्या दिशेने, एका वेळी हातभर भाग, आणि फेस तिथे वाळायच्या आत स्वच्छ धुऊन टाकायचा. साबण विणीत राहिला तर वरून दिलेला लेप धरत नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं आणि मग लेपाच्या बाटलीला शिव्या बसतात. पक्ष्यांची विष्ठा ओली असताना पुसायला जाऊ नका, ती विणीत शिरते. वाळू द्या, झटका, मग धुवा. ब्लीच अजिबात नको, शेवाळ कितीही हट्टी असलं तरी. रंग जातोच, शिवणीचा दोराही कुजतो, आणि उन्हाने तो आधीच अर्धमेला झालेला असतो. टप फाटला म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत कापड धडधाकट असतं, गेलेला असतो फक्त दोरा. वेळेत आलात तर तीच शिवण पुन्हा मारून टप आणखी काही वर्षं चालतो.

प्रेशर वॉशरचा झोत टपापासून लांब ठेवा. शिवणीच्या सुईच्या भोकांतून तो पाणी आत घुसवतो आणि रबराच्या कडा उचलतो. ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशमध्येही नको. तिथला गरम वॅक्स कापडावर बसला की पांढुरके पट्टे उमटतात आणि ते काढणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो.

टप पूर्ण वाळला की काचा आणि रंगावर कागद लावून कापडासाठीच्या लेपाचे दोन पातळ हात द्या. एक जाड हात देऊ नका. त्यानंतर दिवसभर गाडी भिजू द्यायची नाही. वर्षातून एकदा-दोनदा पुरतं, शिंपडलेलं पाणी सांगेलच. टप रेक्झिनचा, म्हणजे पीव्हीसीचा असेल तर हे लेप चालत नाहीत. त्याला ऊन अडवणारा, पाण्यात बनवलेला प्रोटेक्टंट लागतो. पेट्रोलियमच्या द्रावणातली चकचकीत पॉलिशं लावू नका. चार दिवस छान दिसतं, मग पृष्ठभाग कडक होत जातो.

तुमची खिडकीही त्याच पीव्हीसीची आहे. पीव्हीसी मुळात कडक पदार्थ. त्यात मऊपणा आणणारं द्रव्य मिसळून तो लवचीक केलेला असतो. ऊन आणि उष्णतेने ते द्रव्य हळूहळू निघून जातं, प्लॅस्टिक पिवळं पडतं, आखडतं, आणि थंडीत दुमडलं की तडकतं. प्लॅस्टिक पॉलिशने वरचे ओरखडे आणि थोडा धूसरपणा जातो, पण पिवळेपणा आतपर्यंत मुरलेला असेल तर घासून काही होत नाही. अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे या खिडकीला विषासारखा. कोरड्या फडक्याने धूळ पुसणंही तितकंच वाईट. आधी पाणी, मग ओलं मायक्रोफायबर.

मात्र टप खऱ्या अर्थाने झिजतो तो दुमडताना. उभा, ताणलेला टप ऊन-पावसाने खराब व्हायला वेळ लागतो. घडी चुकीची पडत असेल तर एका मोसमात भोक पडतं. टपाच्या दोन्ही अंगांना, दाराच्या काचेच्या वर, कापडाच्या आत इलास्टिकच्या पट्ट्या असतात. टप खाली जाताना सांगाड्याच्या दांड्या कात्रीसारख्या मिटतात, आणि त्याच क्षणी या पट्ट्या कापडाला आत, दांड्यांच्या वाटेतून बाजूला ओढतात. पट्टी सैल झाली की कापड बाहेरच लोंबतं, दांड्यांच्या चिमट्यात सापडतं आणि काही दिवसांनी कानाच्या उंचीवर बोटभर भोक दिसतं. सगळ्या टपात सर्वांत क्षुल्लक वस्तू कुठली, तर ही इलास्टिकची पट्टी. टप अर्धा मिटवून थांबवा आणि दोन्ही बाजूंचं कापड कुठे जातंय ते बघा. आत वळत असेल तर ठीक. बाहेर फुगत असेल तर पट्ट्या बदलेपर्यंत टप उघडू नका.

खिडकीचंही तसंच. जुन्या एमएक्स-५ मध्ये खिडकीला झिप आहे ती शोभेला नाही. टप खाली घेण्याआधी झिप उघडून खिडकी मागे सपाट पाडायची, मग घडी घालायची. झिप न उघडता टप खाली ओढणाऱ्यांच्या खिडकीला मधोमध आडवी भेग जाते. पहिल्या बॉक्स्टरमध्ये टप बटणावर चालतो, पण प्लॅस्टिकची खिडकी असलेल्या गाड्यांचे जुने मालक तो मध्येच थांबवतात, खाली उतरतात, खिडकीवर तळहाताची कड मारून नीट घडी पाडतात आणि मगच पुन्हा बटण दाबतात. बघणाऱ्याला हसू येतं, पण त्यांच्याच खिडक्या टिकतात. मी घडीत एक जुना मऊ टॉवेलही ठेवायला सांगतो. म्हणजे प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासत नाही. कडक थंडीत प्लॅस्टिकची खिडकी दुमडायचीच नाही. आधी हीटर लावून गाडी आतून गरम होऊ द्या.

ओला टप मिटवायचा नाही, हे सगळेच सांगतात. कारण मात्र फक्त बुरशीचं नाही. ओलं कापड घडीत वाळलं की तिथेच आखडतं, आणि पुढच्या वेळी पुढच्या क्लिपा विंडशील्डपर्यंत पोचत नाहीत. मग माणूस गुडघा टेकवून ओढतो आणि शिवण उसवते. टप आठवडेच्या आठवडे मिटलेला राहिला तरी हेच होतं. गाडी उभी करून ठेवायची असेल तर टप वर, ताणलेला ठेवा. वर झाकण घालणार असाल तर श्वास घेणारं, गाडीच्या मापाचं घ्या. ढगळ ताडपत्री वाऱ्यात फडफडून खिडकी घासते आणि आतली वाफ कोंडते. गाडीवर धूळ असताना तर कुठलंच झाकण घालू नका.

आता हार्डटॉप. त्याचे फायदे खरे आहेत. हायवेवर वाऱ्याचा आवाज कमी होतो. मागे खरी काच येते, बहुतेक कंपनीच्या हार्डटॉपमध्ये ती गरम होणारीही असते. ब्लेडने टप फाडून आत हात घालणाऱ्याची सोय राहत नाही. थंडी-पावसाचे सलग महिने असतील तर कापडाला विश्रांती मिळते. गाडीचं अंग किंचित घट्ट वाटतं. पण उलटल्यावर हार्डटॉप वाचवेल हा गैरसमज आधी काढून टाका. तो चार-सहा क्लिपांवर बसलेला असतो, तो रोल बार, म्हणजे गाडी उलटल्यावर डोकं वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान, नव्हे. उलट, गाडीत उंच रोल बार बसवलेला असेल तर काही हार्डटॉप त्यावर बसतच नाहीत. मोजून घ्या.

तोटे विकणारा सांगत नाही. हार्डटॉप घातलात की टप उघडायचा निर्णय घरातून निघतानाच घेतलेला असतो. वाटेत ऊन पडलं, रस्ता सुंदर निघाला, तरी काही करता येत नाही. एमएक्स-५ चा कंपनीचा हार्डटॉप साधारण वीस किलोचा आहे. वजन जास्त नाही, पण आकार असा की एकट्याने उचलायला गेलं की डिकीच्या पत्र्यावर ओरखडा ठरलेला. मर्सिडीजच्या जुन्या एसएलचे हार्डटॉप बरेच जड. अनेक मालक छताला पुली लावून तो वर टांगून ठेवतात. १९६३ च्या एसएलला पॅगोडा हे नाव पडलं तेही तिच्या मध्ये खोलगट हार्डटॉपमुळे, पण ते देखणं छप्पर वर्षाचे आठ महिने ठेवायचं कुठे, हा प्रश्न तिच्याही मालकाला असतोच. जमिनीवर रबरांच्या भारावर महिनोन्महिने ठेवलं तर रबर दबून चपटं होतं आणि पुढच्या मोसमात गळतं. चाकांचा स्टँड किंवा टांगणी, आणि वर सुती चादर, एवढी जागा नसेल तर हार्डटॉपचा विचार इथेच थांबवा.

आणखी एक गोष्ट मी स्वतः उघडून पाहिलीय. एकाने टप ओला असतानाच मिटवला, वर हार्डटॉप चढवला आणि चार महिने विसरून गेला. काढला तेव्हा आतून तळघरासारखा वास आला. अस्तरावर बुरशीचे ठिपके होते आणि खिडकीला तीन कायमच्या घड्या. हार्डटॉपखाली टप ठेवायचा तर तो धुऊन, खडखडीत वाळवून, टॉवेल घालून ठेवायचा. आणि महिन्यातून एकदा हार्डटॉप उतरवून टप दिवसभर ताणून उभा करायचा. हे करणारे फार थोडे. जे करतात त्यांचे टप एरवीही चांगलेच असतात.

बटणावर डिकीत मिटणारं पत्र्याचं छप्पर हा तिसरा मार्ग. कल्पना जुनी आहे. प्यूजोने १९३० च्या दशकात ते विकलं, फोर्डची स्कायलायनर १९५७ ते १९५९ मध्ये मोटर, रिले आणि शेकडो फूट वायरीच्या जोरावर ते करून दाखवायची, आणि १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेनंतर ते सर्वसामान्य झालं. पण वारं पुन्हा फिरलंय. बीएमडब्ल्यूने झेड४ ला २००९ मध्ये पत्र्याचं छप्पर दिलं आणि पुढच्या पिढीत कापडाकडे परत आली. एसएलही २०२१ मध्ये कापडावर परतली, आणि मर्सिडीजच्या म्हणण्याप्रमाणे त्यात २१ किलो वाचले. डिकीची जागा, वजन, आणि जुनं झाल्यावर एखादा सेन्सर रुसला की अर्ध्यात अडकलेलं छप्पर, हे लक्षात घेतलं तर मला आश्चर्य वाटत नाही. रोजच्या वापराला, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला ते सोयीचं आहे हेही खरं. पण त्यासाठी गाडी बदलावी लागेल, आणि तुमचा प्रश्न तो नाही.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर या आठवड्यात नळ्या साफ करा, कार्पेट उचलून खालचा फोम पूर्ण वाळवा, नाहीतर ओल गेली तरी वास राहील. मग इलास्टिक बघा. टप धुऊन लेप द्या. करडेपणा खुपत असेल तर कापडाचा रंग मिळतो, पण तो लेपाच्या आधी. खिडकीला झिप असेल तर तिचा तुकडा वेगळा बदलता येतो, सगळा टप टाकायची गरज नाही. शिवण दोन-तीन ठिकाणी उसवलेली असेल, किंवा आतून टॉर्च मारल्यावर घडीच्या रेषेत बाहेर उजेड दिसत असेल, तर मात्र मधला थर गेलाय. तेव्हा नवीन टपच घ्या आणि काचेच्या खिडकीचा घ्या.

त्यानंतर एक पावसाळा जाऊ द्या. कार्पेट कोरडं राहिलं आणि तरीही त्या महिन्यांत तुम्ही टप एकदाही उघडला नसेल, तर हार्डटॉप तुमच्या उपयोगाचा. जुना मिळाला तर कंपनीचाच घ्या. फायबरचे बाहेरचे हार्डटॉप स्वस्त असतात, पण कडा गाडीशी जुळवताना घाम फुटतो. बघायला जाताना आपली गाडी घेऊन जा आणि तिथेच चढवून बघा. मागच्या काचेभोवतीचा चिकटा कुठे सुटलाय का, गरम काचेच्या वायरीचा प्लग शाबूत आहे का, रबरं बोटाने दाबल्यावर परत फुगतात का, आणि बाजूच्या क्लिपा बसायला तुमच्या गाडीत खुंट्या आहेत का, हे बघा. खुंट्या बहुतेक वेळा वेगळ्या घ्याव्या लागतात आणि विकणारा त्या द्यायला विसरतो. चढवण्याआधी हार्डटॉपचं रबर जिथे टेकेल त्या रंगावर पारदर्शक फिल्मची पट्टी लावून घ्या. आणि बरोबर एक धट्टाकट्टा मित्र न्या.